कर्सर की क्वेरीतच फंक्शन?

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये कर्सर, म्हणजे क्वेरीतून आलेल्या रो एकेक करून हाताळायची पद्धत, लिहायला सोपा वाटतो, कारण एक रो घ्या, काम करा, पुढची घ्या, डोकं असंच चालतं ना. पण प्रत्येक फेच (रो आणणं) वेगळा, ऑप्टिमायझरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) पूर्ण काम एकत्र दिसतच नाही, आणि लाखभर रो झाल्या की बसा वाट बघत.

रनिंग टोटलचंच (प्रत्येक रोपर्यंतची बेरीज) घ्या, एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून सम ओव्हर या बेरजेच्या फंक्शनमध्ये ऑर्डर बाय (रोंचा क्रम) देता येतं, म्हणजे कर्सरच्या वीस ओळी एका ओळीत बसतात. मी तरी हेच वापरतो.

पण थांबा, फंक्शन म्हणजे आपोआप फास्ट असं नाही हां! स्वतः लिहिलेलं स्केलर फंक्शन (एकच व्हॅल्यू देणारं) सिलेक्टमध्ये टाकलं की ते आतून रो मागे रो चालतं, पॅरलल प्लॅनही (काम अनेक कोअरवर वाटणं) जातो, म्हणजे कर्सरच जणू वेष बदलून आला. २०१९ च्या व्हर्जनमध्ये अशी बरीच फंक्शन्स इनलाइन होतात (क्वेरीतच मिसळतात), सगळी नाही. त्यापेक्षा इनलाइन टेबल फंक्शन (टेबल परत देणारं) लिहून क्रॉस अप्लाय करा (प्रत्येक रोला जोडा), ते क्वेरीत विरघळून जातं.

कर्सर कुठे चालेल? प्रत्येक रोसाठी प्रोसिजर कॉल करायची असेल, किंवा एकेका डेटाबेसवर मेंटेनन्स, तिथे लोकल फास्ट फॉरवर्ड (फक्त पुढे जाणारा, फक्त वाचायचा कर्सर) लावून बिनधास्त वापरा.