बासष्ट की पासष्ट? हळदीच्या सौद्यात वापरलेला हेडसेट

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर मी दिवाणजी आहे. हळदीचे सौदे सुरू झाले की बाहेरगावच्या खरेदीदारांना पोत्यांचे आकडे फोनवरच सांगायचे. गेल्या हंगामात मी ‘पासष्ट’ म्हणालो, तिकडं ‘बासष्ट’ लिहिलं गेलं. तीन पोत्यांवरून जुन्या गिऱ्हाइकाशी वाद झाला, तो मला फार लागला. म्हणून तोंडापुढं माइकची दांडी येणारा, दोन्ही कान झाकणारा हेडसेट घेतला, २,२०० रुपयांना. पूर्ण हंगाम वापरून लिहितोय.

बासष्ट, पासष्ट आणि सहासष्टचं बोलताना होणारं सासष्ट यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. स्वर दणकट असतात, गोंगाटातही टिकतात. ‘प’, ‘स’ ही क्षणभराची, बारीक अक्षरं आधी बुडतात. त्यामुळं माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण आकडा हाती लागत नाही.

दांडीचा फायदा खरा आहे. माइक ओठांच्या जवळ आला की आवाज जोरात पोचतो आणि आजूबाजूचा गलका तेवढाच राहतो. अंतर निम्मं केलं तर साधारण ६ डेसिबलचा फरक पडतो. ओरडावं लागत नाही, संध्याकाळी घसा बसत नाही.

गोंगाट कापायची सोय मात्र जपून वापरा. ती जोरावर ठेवली तर हळद पॉलिश करायच्या ड्रमची घरघर जवळजवळ नाहीशी होते, कारण तो एकसुरी आवाज यंत्राला ओळखता येतो. सौद्याचा पुकारा तसा जात नाही, तोही माणसाचाच आवाज. शिवाय घरघरीबरोबर माझा ‘स’सुद्धा कापला जातो. खरेदीदार म्हणाले, “दिवाणजी, आज आवाज एकदम स्वच्छ येतोय,” आणि त्याच फोनवर आकडा तीनदा विचारला! सोय कमीवर आणली तेव्हा मागं हमालांची हाकाटी ऐकू येत होती, पण आकडा पहिल्या फटक्यात कळला. फोनचा आवाज तपासायची पी.८३५ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात ऐकणाऱ्याला बोलणं, मागचा गोंगाट आणि एकूण अनुभव यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगतात. असं का करतात, ते मला त्या दिवशी पटलं.

घेताना एक नक्की विचारा: गोंगाट कोणाच्या कानातला कमी होणार? खोक्यावर जे लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा आपल्या कानापुरतं असतं, पलीकडच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. माइकचं वेगळं विचारावं लागतं.

माझे गुण पाचपैकी चार. एक कापला तो कानाच्या गाद्यांसाठी, एप्रिलच्या उन्हात तासाभरात घामानं चिंब होतात.

आकडा मी अजूनही दोनदा सांगतो: पासष्ट, सहा-पाच. माइकवरचा स्पंज हळदीच्या धुळीनं आठवड्यात पिवळा होऊन गच्च बसतो, मग आवाज दबतो. दर रविवारी धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका.