बर्मिंगहॅमचे नक्षीदार पिस्तूल: वर्षभराच्या वापरानंतर नव्हे, निरखण्यानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी बर्मिंगहॅमजवळच्या जुन्या शस्त्रांच्या एका बाजारात मी ४८० पौंडांना खिशात मावणारे एक चकमकीचे, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटणारे, पिस्तूल विकत घेतले. ते चालवण्यासाठी घेतलेले नाही. इंग्लंडमध्ये १९६८च्या बंदूक कायद्याच्या कलम ५८(२) प्रमाणे असे प्राचीन हत्यार केवळ कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय बाळगता येते, आणि माझा हेतूही तेवढाच होता.

या प्रकारच्या पिस्तुलात घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा हातोडा, बाजूला नसून मधोमध असतो, त्यामुळे तो कपड्यात अडकत नाही. नळी फिरवून काढायची, दारू आणि गोळी मागच्या बाजूने भरायची आणि नळी पुन्हा बसवायची, अशी रचना असल्याने ठासणीचा गज लागत नाही. बोटाने ओढायचा चापही घोडा चढवल्यावरच खाली उतरतो. माझ्या पिस्तुलात तो आजही अचूक उतरतो. मात्र संग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की घोडा मध्ये गेल्यामुळे दोन्ही बाजूंना सपाट पोलाद मोकळे राहिले आणि कोरणाऱ्याला जागा मिळाली.

एका बाजूला लंबगोलात कारागिराचे नाव, दुसऱ्या बाजूला ‘लंडन’, आणि दोन्हींभोवती निशाणे, भाले व नगारे. प्रत्यक्षात नळीखालची मुकुट आणि राजदंडांची मोहोर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची, म्हणजे बंदुकांच्या नळ्या तपासणाऱ्या संस्थेची, आहे. ते १८१३मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले, म्हणजे पिस्तूल त्याआधी तपासलेले नाही. लंडनचे नाव घातले की माल चांगला खपत असे, म्हणून बर्मिंगहॅमच्या मालावर ते सर्रास कोरले जाई. मला यात खोट वाटत नाही. त्या काळचा बाजारच त्या पोलादावर वाचायला मिळतो.

दहापट भिंगातून पाहिल्यावर नगाऱ्याच्या दोऱ्यांच्या रेघा सुरुवातीला बारीक, मध्ये रुंद आणि शेवटी पुन्हा निमुळत्या होत गेलेल्या दिसतात. एके ठिकाणी छिन्नी घसरून निशाणाच्या काठीबाहेर केसाएवढी रेघ गेली आहे. आपल्याकडच्या कोफ्तगिरीत खरखरीत केलेल्या पोलादावर सोन्याची तार ठोकून बसवतात आणि रंगामुळे काम लांबूनही उठून दिसते. इथे मात्र सारे काम सावलीवर चालते, म्हणून पिस्तूल खिडकीपाशी धरून हळूहळू फिरवावे लागते.

अंगठा जिथे टेकतो तिथली नक्षी जवळजवळ पुसली गेली आहे. याच बाजारात दुसऱ्या एका विक्रेत्याने मला लखलखीत नक्षीचे पिस्तूल जास्त किमतीला दाखवले होते. त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, पण रेघा मात्र खोल आणि धारदार होत्या. म्हणजे त्या नंतर पुन्हा कोरलेल्या होत्या, आणि मूळ कारागिराचा हात कायमचा नाहीसा झाला होता. त्यापेक्षा झिजलेले अस्सल काम मी केव्हाही पसंत करीन.

उणीव एकच: मुठीजवळचा एक स्क्रू नंतरचा आहे. विक्रेत्याने तो मी विचारण्याआधीच दाखवला आणि किमतीतून वीस पौंड कमी केले.