लाय डिटेक्टरची खासगी सेवा : पेढीवाल्यांनो, आपल्या माणसांना या खुर्चीत बसवू नका

कोल्हापुरात गुजरीत आमची तिसऱ्या पिढीची सराफी पेढी आहे. श्रावणात चार तोळ्यांच्या पाटल्यांचा जोड हिशेबाला लागेना. पोलिसांत जाण्याआधी घरातल्या घरात छडा लावू म्हणून पुण्याहून एक खासगी एजन्सी बोलावली. माणशी ७,५०० रुपये, तीन माणसं, जीएसटी आणि गाडीभाडं वेगळं. फोनवर '९८ टक्के अचूक' असं छातीठोक सांगितलं. कशावरून, हे मी विचारायला हवं होतं.

लोक वेळेवर आले, बोलणं सभ्य. माडीवर यंत्र मांडलं. छातीला आणि पोटाला श्वास मोजायच्या नळ्या, दंडाला बीपीचा पट्टा, बोटांना घाम टिपणाऱ्या पट्ट्या. बस्स, एवढंच. आम्ही एक्सआरएफ मशीनवर दागिना ठेवतो तेव्हा ते मशीन सोनंच तपासतं. हे यंत्र धडधड आणि घाम मोजतं. त्यातून खोटं काढतो तो समोर बसलेला माणूस.

नाना आमच्याकडे ३१ वर्षं कारागीर. बीपीची गोळी चालू. त्यांना आधी विचारलं, "आयुष्यात कधी कुणाची वस्तू न विचारता घेतली आहे का?" हा प्रश्न मुद्दाम असतो. त्याला कुणीही थोडा चपापतो. मग विचारतात, "पाटल्या तुम्ही घेतल्या का?" दुसऱ्या प्रश्नाला आलेख जास्त हलला, तर माणूस खोटा. पण ज्याची ३१ वर्षांची अब्रू त्या दुसऱ्या प्रश्नावर टांगली आहे, त्याचं काळीज कुठे जास्त हलणार?

अहवालात नानांच्या नावापुढे 'फसवणुकीची चिन्हे आढळली'. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मालक, मशिनीचं खरं मानायचं का माझं?" मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवसापासून नाना आले नाहीत.

अकराव्या दिवशी हॉलमार्किंगहून आलेल्या पाकिटात पाटल्या निघाल्या. जावक वहीत नोंद करायची राहिली होती. नोंद माझ्या पुतण्याकडे होती, आणि तो चाचणीत 'खरा' ठरला होता. त्याने नोंद केली नव्हती, हे त्याच्याही लक्षात नव्हतं. घाम कसा येणार?

मग मी वाचायला बसलो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००३ च्या अहवालात एक हिशेब मांडलाय : दहा हजार कर्मचारी, त्यात दहा हेर. दहापैकी आठ हेर सापडतील इतकी कडक चाचणी लावली, तर त्यांच्यासोबत सुमारे १,६०० निर्दोष माणसंही अडकतात. सीआयएमधला आल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करत असताना १९८६ आणि १९९१ मध्ये ही चाचणी पास झाला. तिथल्या बहुतेक खासगी मालकांना नोकरांची अशी चाचणी घ्यायला १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सांगितलं, की सक्तीने ही चाचणी घेता येणार नाही, आणि संमतीने घेतली तरी नुसता निकाल पुरावा ठरत नाही. नानांनी संमतीपत्रावर सही केली होती. मी शेजारीच उभा होतो. ज्याच्या हातून पगार घ्यायचा तो शेजारी उभा असताना कोण नाही म्हणेल?

एजन्सीकडे पैसे परत मागितले. त्यांनी अहवालाचं शेवटचं पान दाखवलं : 'हे तज्ज्ञांचे मत असून निष्कर्षाची हमी नाही.' बारीक टायपात. फोनवरचे ९८ टक्के त्या पानावर कुठेच नाहीत.

पैशांचं सोडलं. माझ्याकडची प्रत नानांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर फाडली, पाया पडलो. एजन्सीकडची प्रत नष्ट करून तसं लेखी द्या, अशी दोन पत्रं पाठवलीत. दोन्हीच्या पोचपावत्या आल्या आहेत, उत्तर अजून नाही.