मुंबईतून अपोस्टिल: 50 रुपयांचं स्टिकर आणि एजंटचं बिल

आपला दाखला किंवा पदवी परदेशात चालावी म्हणून परराष्ट्र खातं त्यावर खरेपणाचं स्टिकर लावतं, ते अपोस्टिल. फोर्टमधल्या एजंटकडे त्याचा भाव विचारला की आकडा बहुतेक वेळा हजारांतच ऐकू येतो. परराष्ट्र खात्याची फी मात्र एका कागदाला 50 रुपये आहे, वर नेमलेल्या एजन्सीचं किरकोळ सेवाशुल्क. बाकीचे पैसे आधीच्या, म्हणजे राज्याच्या पडताळणीच्या टप्प्याचे असतात, आणि एजंट पारखायचा तो त्या टप्प्यावरच.

शेवटचा, परराष्ट्र खात्याचा टप्पा खरंच चांगला चालतो. 2012 पासून परराष्ट्र खातं लोकांकडून थेट कागद घेत नाही, एजन्सीमार्फतच घेतं. 2019 पासून हे काम दिल्लीबरोबर मुंबईतही होतं. एजन्सींची यादी खात्याच्या संकेतस्थळावर आहे. कागद बिनचूक असेल तर मागच्या बाजूला चौकोनी स्टिकर लागून येतं आणि त्यावरचा क्रमांक ऑनलाइन तपासता येतो.

अडतं ते राज्याच्या पडताळणीत. जन्म-विवाहाचे दाखले मंत्रालयातून, पदवी शिक्षण खात्याकडून. इथे मजकूर कोणी वाचत बसत नाही. आधीच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का नमुन्याशी जुळतो का, एवढंच बघतात. म्हणून महापालिकेचा जुना हस्तलिखित जन्मदाखला हमखास परत येतो, कारण सही करणारा कधीच निवृत्त झालेला असतो. वॉर्ड ऑफिसातून नवी संगणकीय प्रत काढा. जुन्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, ते आधी चढवून घ्या. लॅमिनेट केलेल्या पदवीवर ना शिक्का बसतो ना स्टिकर. घरी सोलायला जाऊ नका, शाई प्लास्टिकबरोबर निघते. विद्यापीठातून दुय्यम प्रत काढणं परवडलं. पोलिसांचं नव्हे, पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) असेल तर राज्याचा टप्पाच लागत नाही.

एजंटचा आवडता मार्ग म्हणजे 'दिल्ली एसडीएम', म्हणजे दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याची सही. राज्याऐवजी तिथली सही घेतली की काम लवकर होतं, आणि परराष्ट्र खात्याला ते चालतं. पण काही दूतावास आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या राज्याचीच सही मागतात. तिथे कागद नापास झाला की दोन्ही मार्गांचे पैसे मोजायचे. जिथे कागद द्यायचा आहे तिथून लेखी उत्तर आल्याशिवाय मार्ग ठरवू नका.

देशही नीट बघा. दुबई, कतार, कुवेतसाठी अपोस्टिल चालत नाही. परराष्ट्र खात्याचं साधं साक्षांकन आणि मग त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. खर्च फुगतो तो या दूतावासाच्या फीमुळे, त्यात एजंटचा दोष नाही. सौदीने डिसेंबर 2022 पासून आणि कॅनडाने जानेवारी 2024 पासून अपोस्टिल स्वीकारलं आहे, तेव्हा या दोन देशांसाठी कोणी जुन्या दराने दूतावासाचा टप्पा लावू लागला तर सरळ उठून या. अपोस्टिल चालतं ते हेगच्या करारातल्या देशांत. जर्मनी त्या करारात आहे, पण भारताच्या बाबतीत तिचा आक्षेप आहे. म्हणजे नुसत्या आपल्या स्टिकरवर तिथे भागेलच असं नाही. हे न सांगता पैसे घेणारा एजंट एक तर अडाणी, नाहीतर अतिहुशार.

पावतीवर प्रत्येक दाखल्याचा क्रमांक, ठरलेला मार्ग, सरकारी फी आणि एजंटचं शुल्क वेगवेगळं लिहून मागा. नुसतं 'पॅकेज' सांगणाऱ्याच्या हाती मूळ पदवी देऊ नये.