कावीच्या नक्षीचा टॅटू गोव्यात: उन्हाळा-पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

ताज्या टॅटूचं कौतुक सगळेच करतात. खरं काय ते सहा महिन्यांनी कळतं. हा टॅटू हाताच्या आतल्या अंगाला आहे, कोपराच्या घडीखाली चार बोटांवर सुरू होऊन मनगटापाशी संपणारा. नक्षी कावीची: मधे कंपासानं काढल्यासारखं कमळ, वर-खाली त्रिकोणांच्या आणि ठिपक्यांच्या पट्ट्या. काम थंडीत झालं, टच-अप (भरून आल्यावर फिक्या जागा पुन्हा गोंदणं) सीझन संपायच्या आत, आणि आता एक कडक उन्हाळा आणि गोव्याचा अख्खा पावसाळा त्यावरून गेलाय. निकाल असा: काळ्या रेषा आणि भरीव भाग उत्तम, ठिपके बऱ्यापैकी, मनगटाजवळची शेवटची पट्टी फिकी. तिन्हींची कारणं आहेत आणि ती आधीच समजून घेता येतात.

आधी नक्षीबद्दल, कारण आर्टिस्ट कुठला शोधायचा हे तिच्यावरूनच ठरतं. कावीत चुन्याच्या गिलाव्यावर जांभ्याच्या लाल मातीचा थर देतात आणि तो खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कन्नडातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ती दिसते. कातडीवर आणताना पांढरा भाग म्हणजे न गोंदलेली कातडी. पांढरी शाई आपल्या सावळ्या रंगावर काही महिन्यांत पिवळट पडते किंवा दिसेनाशी होते, त्यामुळे ती भरून घेण्यात अर्थ नाही. मोकळ्या जागेतून आकार उठवणारा, वर्तुळं आणि सममिती बिनचूक काढणारा हात हवा. पोर्ट्रेटमध्ये पटाईत असलेला माणूस इथे चालेलच असं नाही.

शोधताना इन्स्टाग्रामवर आर्टिस्टनं स्वतः टाकलेल्या फोटोंपेक्षा लोकांनी त्याला टॅग केलेले फोटो जास्त बोलके असतात. स्टुडिओतला फोटो गोंदल्यावर पाचव्या मिनिटाचा असतो: कातडी लालसर, शाई ओली, त्यावर फिल्टर. बघायचं ते भरून आलेलं काम, तेही गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवरचं. सरळ विचारा: "याच जातीचं, निदान वर्षभर जुनं काम दाखवाल का? दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ असला तर बरं." चांगला आर्टिस्ट लगेच पाठवतो. फोटो मोठा करून तीन गोष्टी तपासा. वर्तुळ जिथे सुरू झालं तिथेच नीट मिळतं का? दोन रेषा भेटतात तिथे गाठ दिसते का? आणि रेषेभोवती निळसर धुरकट सावली आहे का? ही सावली म्हणजे ब्लोआउट. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर बसायला हवी; सुई त्याखाली गेली की शाई चरबीत पसरते, आणि ते टच-अपनं निघत नाही. उलट सुई वरच राहिली तर खपलीबरोबर शाईही निघून येते आणि रेष तुटक दिसते.

स्टुडिओचं नाव मोठं असलं तरी गोंदणार कोण हे नक्की करून घ्या. हणजूण, वागातोर, हरमल, कळंगुट या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च बाहेरचे पाहुणे आर्टिस्ट पुष्कळ येतात. त्यांत हातखंडा असलेले बरेच असतात, पण उन्हाळा लागला की ते निघून जातात. टच-अप काम झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी करायचा असतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुण्या आर्टिस्टकडे पहिलं सिटिंग घेणं म्हणजे टच-अपवर पाणी सोडणं. वर्षभर गोव्यात राहणारा आर्टिस्ट असेल तर ही काळजी नाही. दोघांत काम सारख्याच तोलाचं असेल तर इथलाच निवडावा, हे माझं ठाम मत.

हंगामाचा हिशेब असा जमतो. पावसाळ्याच्या शेवटी आर्टिस्टना सवड असते, तेव्हा बोलणी आणि डिझाइन उरकून घ्यावं. फक्त चवथीचा आठवडा सोडा, तेव्हा कोण भेटायचं नाही. सिटिंग नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. नाताळ ते नवीन वर्ष टाळाच: गर्दी, महागडी खोली, रस्ते तुंबलेले, आणि स्टुडिओत रांग असली की हात घाईत चालतो. मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला टच-अप.

पहिल्या मेसेजमध्येच सगळं लिहिलं की उत्तर नेमकं येतं: शरीरावरची जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, त्या जागेचा दिवसाच्या उजेडातला फोटो, तीन-चार संदर्भचित्रं, जमणाऱ्या तारखा, आणि मधुमेह, केलॉइड (जखमेचा व्रण जाड फुगून येणं) होण्याची प्रवृत्ती, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर तेही. दर इंचावर सांगितला तर कुठला इंच ते विचारा. सहा बाय चारच्या चौकटीचे चोवीस चौरस इंच होतात, पण कावीत निम्मी जागा मोकळी असते. सेशनवर दर असेल तर किती तासांचं सेशन, डिझाइनमध्ये किती बदल त्यातच धरलेत, तारीख बदलली तर ॲडव्हान्सचं काय, टच-अप फुकट किती महिन्यांपर्यंत, हे लेखी मेसेजमध्येच घ्यावं. तोंडी बोलणं सीझनच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्रवास. सावंतवाडी-कुडाळकडून येणाऱ्यांना रेल्वेनं थिवी सोयीचं; तिथून म्हापसा, आणि म्हापशाच्या बसस्टँडवरून हणजूण, कळंगुटच्या बस मिळतात. हरमल-मांद्रेकडे जायचं असेल तर पेडणे स्टेशन जवळ. विमानानं येणाऱ्यांना उत्तर गोव्यासाठी दाबोळीपेक्षा मोपा बरा. बेळगावहून चोर्ला घाट. आदल्या दिवशी दुपारी पोचावं, स्टुडिओत जाऊन स्टेन्सिल (गोंदण्याआधी कातडीवर नक्षी उमटवायचा कागद) हातावर धरून बघावं, रात्री दारू न पिता झोपावं. दारूनं रक्त जास्त पाझरतं आणि शाई बाहेर ढकलली जाते. जबाबदार स्टुडिओ प्यालेल्या माणसाला परत पाठवतो. सकाळी पोटभर जेवूनच बसावं. काम झाल्यावर त्याच रात्रीची स्लीपर बस धरू नका. एक रात्र मुक्काम हवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी आर्टिस्टला दाखवूनच निघता येतं.

ज्यांना समुद्रात डुंबायचंय त्यांनी ते आधीचे दोन दिवस करावं, तेही अंगभर कपड्यात, कारण उन्हानं रापलेल्या किंवा सोललेल्या कातडीवर कुणी सुई लावू नये. नंतर तीन-चार आठवडे समुद्र, पूल, नदी सगळं बंद. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. २०१७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली केस आहे: यकृताचा जुना आजार असलेला अमेरिकेतला तरुण ताज्या टॅटूसकट मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि त्या संसर्गानं दगावला. अशी केस विरळाच, पण सुट्टीच्या मोहापायी हा धोका पत्करू नये.

स्टेन्सिल हा सगळ्यात नाजूक टप्पा, आणि लोक इथेच लाजतात. पंजा आत-बाहेर फिरवला की हाताची कातडी पीळ खाते. टेबलावर हात पालथा-उताणा करून लावलेली सरळ पट्टी उभं राहिल्यावर तिरकी दिसते. म्हणून उभं राहून, हात सैल सोडून, मधली रेष आखून घ्यावी आणि त्यावरच स्टेन्सिल बसवावं. पटलं नाही तर पुसून पुन्हा लावायला सांगा, कितीही वेळा. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यावं, नाहीतर पुसताना रेषा उडतात. घरी असतानाच डिझाइन खऱ्या मापात कागदावर छापून, कापून हाताला चिकटवून बघितलं तर माप चुकत नाही. मोकळ्या फटी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. रेष वर्षागणिक थोडी जाड होतेच, आणि एक मिलिमीटरची फट बुजते.

नक्षीत देवनागरी अक्षरं असतील तर आर्टिस्टवर सोडू नका. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार हरवतो. अक्षरं स्वतः तपासून चित्र म्हणून द्या. उंची निदान एक सेंटिमीटर असावी. 'ध', 'भ', 'क्ष' यांची पोटं त्याहून लहान आकारात भरून जातात.

स्वच्छतेबाबत: कार्ट्रिज सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडली पाहिजे, पाकिटावर लॉट नंबर आणि मुदत असते. शाई छोट्या टोप्यांत नव्यानं ओतलेली, मशीन आणि वायरवर प्लास्टिकचं आवरण, मोबाइलला हात लावला की ग्लोव्ह बदललेला. स्टीलची हत्यारं वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) हवाच: १२१ अंश, १५ पौंड दाब, पंधरा ते वीस मिनिटं. किनाऱ्यावर फिरून 'काळी मेंदी' काढणाऱ्यांकडून चाचणी म्हणूनही काही काढून घेऊ नका. त्यात बऱ्याचदा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं, फोड येतात आणि त्याची ॲलर्जी जन्माची राहू शकते.

भरून येण्याच्या काळात सेकंड स्किन फिल्म (टॅटू झाकणारी पातळ, चिकट, पारदर्शक पट्टी) लावून मिळते. पहिल्या चोवीस तासांत आत काळं पाणी साचतं, ते नेहमीचंच. मग बदलून दुसरी, तीन ते पाच दिवस. मात्र गोव्याच्या दमट हवेत घामानं कडा सुटतात, आणि सुटलेली कड टॅटूपर्यंत पोचली तर फिल्म तेव्हाच काढायची, वरून चिकटपट्टी मारायची नाही. चौकटीच्या आकारात लाली आणि खाज आली तर ती फिल्मच्या चिकट गोंदाची ॲलर्जी. नंतर दिवसातून दोनदा कोमट पाणी, बिनवासाचा साबण, टिश्यूनं टिपणं, आणि मलमाचा अगदी पातळ हात. जाड थरानं खपली भिजते आणि शाईसकट सुटते. खोबरेल तेल खपल्या पडून गेल्यावर, हळद कधीच नाही. भाड्याच्या स्कूटरवर दोन्ही हात उन्हात आणि लाल धुळीत असतात. सैल सुती पूर्ण बाही घाला. भरलेल्या टॅटूवर पुढेही सनस्क्रीन लावत राहायचं.

आता आजची स्थिती. बाहेरच्या जाड रेषा ताज्या होत्या तशाच, काळा मात्र किंचित मऊ, राखाडीकडे झुकलेला, एवढं अपेक्षितच. ठिपक्यांपैकी ज्यांच्यात त्यांच्या स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त अंतर होतं ते सुटे राहिले, दाट भागातले एकमेकांना टेकू लागलेत. मनगटाच्या घडीलगतची पट्टी टच-अपनंतरही विरळ आहे. तिथली कातडी सतत दुमडते, घड्याळ घासतं, शाई धरतच नाही. ती पट्टी दोन बोटं वर असायला हवी, असं या नक्षीचा विचार करणाऱ्यांना सांगेन.

आणि लाल रंग. कावी म्हटल्यावर विटकरी हवासा वाटणारच, पण टॅटूच्या शाईत ॲलर्जी सर्वांत जास्त लालनंच होते, आणि ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते. इथे लाल फक्त कमळाच्या देठापुरता घेतला, तोही आधी दुसरीकडे बारीकसा ठिपका मारून आणि महिनाभर थांबून. अर्थात तो ठिपका शांत राहिला म्हणजे पुढे काही होणारच नाही असं नव्हे. अजून तरी त्रास नाही. तुमच्या टॅटूत फक्त लाल भाग फुगून खाजू लागला तर टच-अपला जाऊ नका, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: शेवटच्या सुईपासून, म्हणजे टच-अपच्या तारखेपासून, वर्षभर रक्त देता येत नाही.