झोआ मिटलेत? न्यूडी, सनडायल की समुद्री कोळी, ते आधी ठरवा

झोआ (खाऱ्या पाण्याच्या टँकमधले मऊ, बटणासारखे प्रवाळ) चार दिवस उघडले नाहीत की दुकानदार पहिल्यांदा डिपची, म्हणजे प्रवाळ बुडवून कीड झटकायच्या औषधाची, बाटली पुढे करतो. बाटली घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी एक रात्र टँकसमोर बसा. झोआ खाणारे नेहमीचे तिघे आहेत आणि तिघांना एकच औषध चालत नाही. (दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून इथे फक्त झोआंचंच बोलतो.)

लाइट गेल्यावर तास-दोन तासांनी लाल कागद लावलेला टॉर्च मारा. सोनार वापरतात तसलं दहापट भिंगही जवळ असू द्या. मात्र काचेबाहेरून ते भिंग निरुपयोगी, फ्रॅग (प्रवाळाचा लहान तुकडा) उचलून टँकच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या वाडग्यात घ्यावा लागतो.

तिघांत सगळ्यात चिवट न्यूडी (न्यूडिब्रँक, बिनशंखाची समुद्री गोगलगाय). सापडला तरी ओळखू येत नाही, कारण खाल्लेल्या झोआचाच रंग त्याच्या पाठीवरच्या झुपक्यांत उतरतो. हिरव्या झोआवर हिरवी टोकं, केशरीवर केशरी. दिवसा तो मिटलेल्या पॉलिपच्या (झोआच्या एकेका बटणाच्या) बुडाशी चिकटून असतो आणि तोही एक मिटलेला पॉलिपच वाटतो. म्हणून मी न्यूडी शोधतच नाही, अंडी शोधतो: देठावर किंवा प्लगच्या (फ्रॅग चिकटवलेल्या बुडख्याच्या) खालच्या बाजूला जिलेबीसारखी वळलेली पांढरट, बारीक फीत. डिपने मोठे न्यूडी गळून पडतात, अंडी मात्र तशीच राहतात. त्यामुळे अंडी खरवडा, जमलं तर जुना प्लगच फेकून द्या आणि दर आठवड्याला एक असे तीन-चार डिप करा. एका डिपवर थांबलात तर नवी पिल्लं पुन्हा तोच उद्योग सुरू करतील.

सनडायल गोगलगाय त्यामानाने सोपी. शंख चपटा, वेटोळ्यांवर काळे-पांढरे किंवा तपकिरी-पांढरे चौकटे. हिच्यासाठी डिपवर पैसे घालवू नका, ती तोंडावरचं झाकण लावून आत बसते आणि औषध वरून वाहून जातं. बोटांनी उचला, संपलं. फक्त काचेवर शेवाळ चरणाऱ्या साध्या गोल गोगलगायींना त्याच झटक्यात बाहेर काढू नका.

समुद्री कोळी म्हणजे नुसते काटकुळे पाय, धड जवळपास नाहीच. बरेच जण ॲम्फिपॉड या इवल्या कवचधारी जीवालाच कोळी समजतात. फरक सोपा आहे: ॲम्फिपॉड कोळंबीसारखा वाकडा असतो आणि उजेड पडताच सटकतो, कोळी मात्र सावकाश सरकतो. कोळ्यांत अंडी नर स्वतःच्या अंगावर वागवतो, त्यामुळे देठावर फीत दिसली तर संशय कोळ्यावर घेऊ नका. इथे चिमटा आणि चिकाटी दोन्ही लागतात. डिप त्यानंतर.

डिप कोणता? आयोडीनचा जखमेला बरा, पण न्यूडी झटकायला वनस्पती-तेलाचे तयार डिप मला जास्त भरवशाचे वाटतात. शेतीच्या दुकानातलं इमिडाक्लोप्रिड काही जण सर्रास वापरतात. ते मुळात कीटकांसाठीचं औषध, नीट न धुता फ्रॅग टँकमध्ये परत गेला तर तुमच्या कोळंब्या आणि खेकडे जातील. घरात मुलं असतील तर मी ते आणणारच नाही.

आणि काहीच सापडलं नाही तर? एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत टँकचं पाणी भराभर उडतं, खारटपणा चढतो आणि झोआ मिटतात. आधी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) बघा, टॉप-अपला, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायला, आरओचंच पाणी घाला. गुरुवारी तुमच्याकडे नळ बंद असेल तर ते बुधवारीच भरून ठेवा.

खरवडताना हातमोजे आणि चष्मा हवाच. झोआंच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआंत, पॅलिटॉक्सिन असतं. हे विष १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून वेगळं काढलं गेलं. कीड मारायला फ्रॅगवर किंवा दगडावर उकळतं पाणी ओतू नका, त्या वाफेने अख्खं घर आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. वापरलेलं डिपचं पाणी शेवटी मोरीतच ओता. त्यात गळून पडलेले जीव आधी भिंगाखाली बघून घ्या, कोण होतं ते तिथेच कळतं.