‘फुल मीडिया पॅकेज’ घेताय? माझे १,७२,१०० रुपये गेले, वाचा

दिवाळीसाठी आमच्या चकलीची भाजणी, गोडा मसाला आणि उटण्याची जाहिरात करायला मी १,७२,१०० रुपये मोजले. त्यातून एक गिऱ्हाईक आलं नाही. लिहायची लाज वाटते. पण मला हे पॅकेज विकणारा माणूस आमच्याच पेठेतल्या आणखी दोघांना भेटून गेलाय हे कळल्यावर गप्प बसवेना.

पॅकेज असं होतं: हायवेला दोन होर्डिंग, दहा एसटींच्या मागे पॅनेल, पेपरातून वीस हजार पत्रकं, एफएमवर तीस स्पॉट, वर रील्स. १,९०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,२४,२००. निम्मे आगाऊ, १,१२,१००. फार स्वस्त होतं म्हणून भुललो असं कोणी म्हणू नये. वेगवेगळं विचारायला जा, पेपरवाले चौरस सेंटिमीटरचा भाव सांगतात, रेडिओवाले सेकंदाचा, होर्डिंगवाले महिन्याचा. ऐन सीझनमध्ये कांडपाच्या मशीनवर उभा असलेला माणूस हे कधी जुळवणार? ‘एकाच बिलात सगळं’ ऐकलं की जीव हलका होतो, आणि हे लोक नेमकं तेच विकतात.

दसरा झाल्यावर त्याचा फोन आला. घाटकोपरला मे २०२४ मध्ये होर्डिंग पडून १७ माणसं गेली, तेव्हापासून परवानग्या कडक झाल्यात, डिपॉझिट भरावं लागेल, ६०,००० लगेच पाठवा. बातमी खरी, कडकपणाही खरा, मग मागणी खोटी कशी वाटेल? यूपीआयने पाठवले. खातं कंपनीचं नव्हतं, कुठल्यातरी बाईंच्या नावाचं बचत खातं होतं. ‘अकाउंटंट मॅडम आहेत,’ म्हणाला. या ६०,००० चं बिल नाही.

१९ ऑक्टोबरला होर्डिंगचे फोटो आले. आमचा डबा, आमचं नाव, झकास. बायकोने मोबाइलवर फोटो मोठा केला आणि म्हणाली, “अहो, मागे मंडळाची गणपतीची कमान कशी काय?” विसर्जन १७ सप्टेंबरला झालेलं. मी म्हटलं, आपल्याकडे कमानी नवरात्रापर्यंत कोण काढतंय! खरंच काढत नाहीत. पण तिथवर गाडीने जाऊन बघायचं सोडून मी तो फोटो स्टेटसला ठेवला, आणि नातेवाइकांनी लाइकचे अंगठे पाठवले. तो फोटो आजही डोक्यातून जात नाही. जुन्या फोटोवर आमचा डबा चिकटवलेला होता. होर्डिंगचा फोटो नको, जागेवरून व्हिडिओ कॉल मागा.

पत्रकं मात्र छापली होती. एक अख्खा गठ्ठा सुतळीसकट रद्दीच्या दुकानात सापडला. पत्रकं टाकायची तर पहाटे विक्रेत्यांच्या सेंटरवर स्वतः जा, पेपरात घालताना बघा, तिथेच पैसे द्या. रेडिओचा स्पॉट कधी वाजला याचा लॉग स्टेशनकडूनच घ्या. मला एक्सेलची शीट मिळाली, ती तर माझा पुतण्याही करून देईल. रीलला लाखावर व्ह्यू, फोन शून्य. अकाउंट त्यांचं, त्यामुळे कुठल्या गावात दिसली तेही कळेना. जाहिरातीचं अकाउंट आपल्याच नावाचं हवं.

आगाऊ रकमेच्या बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’. सीएने नुसतं बघून सांगितलं: जीएसटी नंबरचं सहावं अक्षर पी आहे, म्हणजे पॅन व्यक्तीचं, कंपनीचं असतं तर सी असतं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी आधीच रद्द. म्हणजे कर म्हणून घेतलेले १७,१०० त्यानेच खाल्ले, भरलेल्या कराचं क्रेडिट मला शून्य. हे बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे द्यायच्या आधी बघा.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, “तुम्ही ऑर्डर दिली, त्यांनी थोडं काम केलं, हा दिवाणी मामला.” थोडं काम म्हणजे रद्दीतली पत्रकं! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हटलं तर “वकील आहात का?” अर्जावर पोचेचा शिक्का मिळवायला भांडावं लागलं. बँकेत: पैसे तुम्हीच पाठवलेत ना? पालिकेत: होर्डिंगचा परवाना क्रमांक आणा, मग शोधू. अरे, परवाना आहे का हेच विचारायला आलोय ना मी! ग्राहक आयोगाच्या खिडकीवर: धंद्यासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहकात बसत नाही. पेपरच्या ऑफिसात: तो एजंट आमचा नाही. सगळ्यांचं बरोबर, चूक फक्त पैसे गेलेल्याची. लाइट बिल दोन दिवस उशिरा भरा, मग बघा हीच यंत्रणा कशी पळते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, पण जाहिरातीत महिनाभर वाट बघायचीच असते. तोवर खातं रिकामं.

त्याचा नंबर अजून चालू आहे. डीपीला नवीन नाव, नवा लोगो, आणि आता लग्नसराईचं पॅकेज. तुमचे गेले असतील तर बिल, बँकेचं स्टेटमेंट आणि चॅट घेऊन मला मेसेज करा. एकट्याच्या अर्जावर कोणी पेन उचलत नाही, पाच-सहा जणांनी मिळून थेट पोलीस अधीक्षकांकडे जाऊ.